बाहीखालची तुळस

आमचे पणजोबा बडोदे संस्थानाच्या हत्तीखान्यात चाऱ्याची नोंद ठेवत. कारकुनी होती, इमानाची होती, पण कारकुनीच. आत्याच्या तोंडून ऐकाल तर मात्र त्यांना विचारल्याशिवाय दरबारही भरत नसे. पुढे हत्ती गेले, संस्थान गेलं, दांडिया बाजारातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या उरल्या, आणि त्या खोल्यांत एक वाक्य उरलं: "आपल्यात असं नसतं."

आपल्यात काय काय नसतं याला अंत नव्हता. जेवताना बोटं चाटणं नसतं, दारात उभं राहून भाजीवालीशी बोलणं नसतं, आणि गोंदणं तर नसतंच नसतं. माझी आई खानदेशातल्या एका खेड्यातली, शाळामास्तरांची मुलगी. लहानपणी जत्रेत बसून तिनं डाव्या हाताच्या आतल्या बाजूला तुळस गोंदवून घेतली होती. खाली वृंदावन, वर रोप, रंग हिरवट आणि जरा पसरलेला. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात, कणीक मळताना, ती आत्याच्या नजरेला पडली. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. तिनं लग्न केलं नाही. घराण्याच्या तोलामोलाचं स्थळ बडोद्यात निघालं नाही, असं ती अजूनही सांगते. त्या आठवड्यापासून आईचे सगळे ब्लाउज मनगटापर्यंतच्या बाह्यांचे शिवले जाऊ लागले.

बडोद्याचा मे महिना ज्यांनी सोसलाय त्यांना याहून जास्त सांगायला नको. काम करताना आई बाह्या वर सरकवायची. दाराची घंटा वाजली की आत्या असेल तिथून यायची आणि एकच शब्द बोलायची, "बाही." पुष्कळदा तेवढीही तसदी घ्यायची नाही, स्वतःच ओढायची, उघडं भांडं झाकावं तशी. वडील शेजारीच पेपर वाचत बसलेले असायचे. त्यांनी तो जन्मभर वाचला.

मला झोपवताना आई हात उघडा टाकून पडायची आणि म्हणायची, "सोनंनाणं सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं सोबत येतं." गेल्या वर्षी ती गेली. तिला शेवटचं नेसवलं आत्यानं, ऐंशी उलटलेल्या वयात, आणि कपाटातून लांब बाह्यांचाच ब्लाउज शोधून काढला. लोक यायचे होते ना. मेलेल्या बाईच्या हातावरची बाही ती सारखी करत होती तेव्हा मला जी चीड आली ती अजून उतरलेली नाही, आणि उतरावी असं मला वाटतही नाही.

मग नवरात्र आलं. बडोद्यात नवरात्राच्या आधी निम्म्या शहराच्या मुली पाठी रंगवून घेतात, हे काही नवं नाही. माझ्या चुलतभावाच्या मुलीनं मात्र कायमचं काढून घेतलं, पाठभर उडणारे पक्षी. ते स्वातंत्र्याचं प्रतीक आहेत म्हणाली. तिच्या बापानं तिला कुठं कोंडून ठेवली होती ते मला कळलं नाही. आणि आमची आत्या, जिच्या घराण्यात गोंदणं नसतंच नसतं, शेजारणींना मोबाइलवर त्या पाठीचा फोटो दाखवत होती. "टॅटू आहे तो. आर्ट असते ती, बेन." हिरवी तुळस म्हणजे गावंढळपणा आणि पाठीवरचे कावळे म्हणजे कला. मी चहा तसाच ठेवून उठले.

जिना उतरता उतरताच मी ठरवलं. आईची तुळस माझ्या हातावर यायला हवी, जशीच्या तशी, आणि ती याच घरात उघडी दिसायला हवी.

नमुन्यासाठी फोटो शोधायला बसले तर एकही सापडेना. लग्नातल्या फोटोंत हातभर चुडा, आणि त्यानंतर जन्मभर बाह्या. माझ्या बारशाच्या फोटोतसुद्धा, पाळण्याच्या दोरीवर, बाही. शेवटी कागद पुढे ओढला. नंदेसरीच्या एका कारखान्यात पाइपांची ड्रॉइंग्ज काढण्यात माझी उमर गेली आहे. एवढंसं रोप मला आठवून काढता येणार नाही असं मनातही आलं नाही. ज्या हातावर डोकं ठेवून झोपले तो हात मला पाठ आहे, या तोऱ्यात मी ते काढलं.

मांजलपुरात, माझ्या सोसायटीच्या पुढच्या चौकात, एका सलूनच्या वर टॅटूचं दुकान आहे. भिंतभर नमुने टांगलेले: पिसं, हृदयाच्या ठोक्यांची रेघ, डरकाळी फोडणारे सिंह. आयुष्यात उंदराला न हटकलेली माणसं ते सिंह दंडावर घेऊन फिरतात. दुकानवाला दाढीवाला, स्वतः इतका गोंदलेला की अंगावर रिकामी जागा शोधावी लागेल. त्यानं माझा कागद पाहिला आणि विचारलं, "पहेलुं टॅटू छे, आंटी? स्टोरी शुं छे एनी?"

"कोई स्टोरी नथी," मी म्हटलं.

त्याला वाईट वाटलं. त्याच्याकडे येणारा प्रत्येकजण गोष्ट घेऊन येतो, म्हणाला. "नीचे 'माँ' लखी आपुं?" खाली 'माँ' लिहून देऊ का, असंही त्यानं विचारलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं निमूटपणे सुई लावली. दुखलं, पण बोभाटा करण्याइतकं नाही.

खपल्या निघून गेल्यावर मी बिनबाह्यांचा कुर्ता घालून दांडिया बाजारात गेले. काय बोलायचं ते रस्ताभर घोकत होते. आत्या म्हणेल, आपल्यात असं नसतं. मग मी हत्तींच्या चाऱ्यापासून सुरुवात करणार होते. मी तिच्यासमोर हात धरला. तिनं चष्मा लावला, माझं मनगट पकडून हात खिडकीच्या उजेडात नेला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"चुकलंय," ती म्हणाली.

"काय चुकलंय?"

"वृंदावनाखाली ठिपक्यांची ओळ होती. ती कुठंय? आणि तू दोन्ही फांद्या सारख्या काढल्यास. डावी खाली झुकलेली होती. वरची मंजिरीही वाकडी होती."

"तुला कसं माहीत?"

"रोज मीच झाकायचे ना," आत्या म्हणाली. डाळीचा डबा कुठल्या फळीवर आहे ते सांगावं तितक्या साधेपणानं.

तिच्यावर विश्वास ठेवणं म्हणजे आणखी अपमान होता. पण ड्रॉइंगमधली चूक कोणी बोट ठेवून दाखवली की मला ती लगेच दिसते, आणि इथंही तिनं सांगताक्षणी ती वाकडी मंजिरी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. माझ्या आईची तुळस या जगात एकाच माणसाला पाठ होती, आणि ते माणूस मी नव्हते. मी घरी येऊन खूप रडले, आणि त्याहून जास्त वेळ आत्याला शिव्या दिल्या.

तरीही दाढीवाल्याकडे परत गेले. फांदी झुकवता येईना, तर त्यानं खाली एक पान वाढवून तिला वजन दिलं. मंजिरी वाकडी केली. ठिपक्यांची ओळ घातली. या वेळी त्यानं गोष्ट विचारली नाही.

पुन्हा त्याच कुर्त्यात आत्यासमोर बसले. तिनं चष्मा लावला, हात उजेडात नेला, ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"आता आहे," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. "बाही," आत्या म्हणाली, आणि तिची बोटं माझ्या हातावरून वर सरकली, कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत. दंडावर ती दोनदा चाचपडली. ओढायला काही नव्हतं.

मी उठले आणि तशीच जाऊन दार उघडलं.