टाचणीबाई आणि तिकिटावरच्या तीन चुण्या

संग्रहालयात त्यांना नावाने हाक मारणारा माणूस उरलेला नाही. सव्वीस वर्षं त्या वेशभूषेचं दालन सांभाळताहेत आणि त्यांच्या कॉलरला कायम दहाबारा टाचण्या खोचलेल्या असतात, म्हणून शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना टाचणीबाई म्हणतात. घरी नवराही तेच म्हणतो. त्याच्या तोंडी त्या नावाला थोडी वेगळी धार असते, पण तो घरचा मामला.

दालनात एकेचाळीस पुतळे आहेत. ते सगळे एका बंद पडलेल्या कापडदुकानातून आले. एकाच मापाचे, बारीक कमरेचे, उतरत्या खांद्यांचे. जुने कपडे मात्र खऱ्या माणसांनी घातलेले, म्हणजे अंगापिंडाने भरलेल्या. त्यामुळे जो वेश चढवावा तो पुतळ्यावर खुंटीवरच्या पिशवीसारखा लोंबतो. जास्तीचं कापड आत घ्यावं लागतं. जुन्या कापडावर टाके घातले तर ते ताणाने फाटतं, म्हणून चुणी घालून वर टाचणी लावायची, आणि ती बघणाऱ्याला दिसणार नाही अशा बाजूला. टाचणीबाईंचा नियम दोन शब्दांचा होता : टाचणी पाठीला.

एका वेशापुरता हा नियम उलटा झाला. डोंगरपट्टीतला काळा लोकरी झगा. त्याचं सगळं भरतकाम पाठीवर, म्हणून त्याचा पुतळा भिंतीकडे तोंड करून उभा. इथे न दिसणारी बाजू म्हणजे पुढची. टाचणीबाईंनी डाव्या खांद्यावर तीन चुण्या घातल्या, पितळी डोक्याची टाचणी लावली आणि पुतळा भिंतीकडे वळवला. अकरा वर्षं त्या चुण्या एका पालीखेरीज कुणी पाहिल्या नाहीत.

हा झगा एका आजींनी दिलेला. त्यांच्या आईने दोन हिवाळे बसून स्वतः शिवलेला. देताना आजींनी पावती मागितली नाही, फोटो काढू दिला नाही, फक्त एवढंच म्हणाल्या की यात कुणी काही बदलायचं नाही. टाचणीबाईंनी शब्द दिला. एवढ्या वर्षांत त्यांनी देणगीदारांना बरीच गोड आश्वासनं दिली असतील, पण शब्द हा एकच.

गेल्या वर्षी टपालखात्याने निरनिराळ्या भागांतल्या पारंपरिक वेशांवर बारा तिकिटं काढायचं ठरवलं आणि एक चित्रकार पाठवला. नेमक्या त्याच दोन दिवसांत टाचणीबाई लेकीचं बिऱ्हाड हलवायला गेल्या होत्या. तिकिटावर बाई पाठमोरी कशी दाखवायची, म्हणून चित्रकाराने शिपायाकडून काळ्या झग्याचा पुतळा वळवून घेतला. माणूस कामाचा सच्चा. त्याने धागा न् धागा उतरवला. तीन चुण्या उतरवल्या, टाचणीही उतरवली. मग शिपायाने पुतळा परत भिंतीकडे फिरवला. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं, त्यामुळे कुणी सांगितलं नाही.

टाचणीबाईंचे यजमान टपाल कचेरीत आहेत. तीस वर्षं खिडकीवर बसतात आणि दुपारनंतर पत्रांवर शिक्के मारतात. तिकिटं निघाली त्या दिवशी ते पूर्ण संच घेऊन, मिठाई आणल्यासारखा चेहरा करून घरी आले. बाईंनी भिंग लावलं. अकरा तिकिटं पाहून झाली, बारावं हातात धरून त्या खुर्चीत बसल्या.

“अहो, ही टाचणी माझी आहे.”

“मग बरंच झालं की. लोकांचे पुतळे उभारतात, तुझी टाचणी उभारली.”

त्या हसल्या नाहीत, तेव्हा कुठे यजमानांना प्रकरण कळलं.

तिकिटांबरोबर माहितीची एक घडीपत्रिका होती. तिच्यात लिहिलं होतं की डाव्या खांद्यावरच्या तीन चुण्या आणि पितळी पदक हे या वेशाचं खास वैशिष्ट्य. दुसऱ्या दिवशी टाचणीबाई संचालकांकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. संचालकांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, वीस लाख तिकिटं छापून झाली आहेत, आता ती परंपरा आहे. त्यांनी पुतळा कायमचा समोर वळवायला लावला. लोक हातात तिकीट धरून यायला लागले होते आणि संग्रहालयात गेल्या दहा वर्षांत कुणी काही शोधत आलं नव्हतं. एका नृत्यवर्गाने तर चुण्यांसह बारा झगे शिवायला टाकले.

मग आजींच्या नातीचा फोन आला. आजीने तिकीट पाहिलंय, गुरुवारी ती स्वतः झगा बघायला येतेय. आणखी काही बोलली का, असं टाचणीबाईंनी विचारलं. नात म्हणाली, काही नाही, तेच तर वाईट.

बुधवारी दुपारी टाचणीबाईंनी ती टाचणी दोनदा काढली आणि दोनदा लावली. काढली की झगा पोत्यासारखा खाली यायचा, शिवाय साहेबांचा हुकूम मोडायचा. लावली की दिलेला शब्द मोडलेला समोर दिसायचा. शेवटी त्यांनी ती राहू दिली. घरी नवऱ्याला म्हणाल्या, केलंय ते केलंय, आता आयत्या वेळी पुरावा कशाला लपवायचा? नवरा म्हणाला की मग निदान उद्या कॉलरच्या टाचण्या तरी काढून जा, आरोपी हत्यारासकट उभा राहत नाही. त्या तशाच गेल्या.

आजी काठी टेकत आल्या. पंचाऐंशीच्या, बुटक्या, रुंद. पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या. मग खांद्याकडे काठी करून विचारलं, “ह्या कुणी घातल्या?”

संचालक घडीपत्रिकेतलं सांगू लागले आणि ‘खास वैशिष्ट्या’पर्यंत पोहोचले.

“मी घातल्या, आजी,” टाचणीबाई मध्येच म्हणाल्या. “पुतळा बारीक पडला म्हणून. तिकिटावरही माझ्यामुळेच गेल्या. तुम्हाला शब्द दिला होता, तो राहिला नाही.”

आजींनी त्यांच्याकडे पाहिलं, कॉलरकडे पाहिलं. मग काठीने पुतळ्याच्या पोटावर टकटक केलं. पोकळ आवाज आला.

“ही म्हणे माझी आई. आई दारातून आत आली की घरात अंधार व्हायचा. हिच्यासारख्या दोघी मावल्या असत्या त्या झग्यात.” मग टाचणीबाईंकडे वळून, काहीशा वैतागाने : “कपड्यात बदल नको म्हणाले होते मी. बाईला जाड करायला कुणी अडवलं होतं तुम्हाला?”

सव्वीस वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं. कपडा माणसाच्या मापाचा करायचा, हे शिवणाऱ्याच्या हाडीमाशी खिळलेलं. उलटं करायचं असतं, हे लक्षात यायला ते माणूस ओळखणारं कुणीतरी लागतं.

झगा उतरवला. शिपायाने कोठीतून कापूस, जुने पंचे आणि सभागृहाचे टाकून दिलेले दोन पडदे आणले. आजी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. खांदे अजून. दंड अजून. पोटाला लाजू नका. दीड तासाने झगा परत चढवला, तर चुणी घालायला बोटभर जागा उरली नव्हती. पितळी टाचणी कॉलरला गेली.

लोक तिकीट घेऊन येतील त्यांना काय सांगायचं, असं संचालकांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा पडलेला होता.

“सांगा, चित्र काढलं तेव्हा ती आजारी होती,” आजी म्हणाल्या, आणि नातीचा हात धरून उठल्या.  जाताना दारात थांबून त्यांनी मागे वळून पाहिलं, आईकडे की बाईंकडे ते सांगणं अवघड आहे.

आता दालनातले सतरा पुतळे माणसांत आले आहेत. टाचणीबाई देणगीदारांच्या घरी फोन करून आजोबा कसे होते, पोट होतं का, खांदा कुठला उतरता होता, हे विचारतात. यजमानांचे जुने सदरे एकेक करून कपाटातून नाहीसे होताहेत.

राहिली वीस लाख तिकिटं. त्यांचं कुणी काही करू शकत नाही. पण यजमानांच्या खिडकीवरून जाणाऱ्या प्रत्येक काळ्या झग्याच्या डाव्या खांद्यावर तारखेचा शिक्का बसतो. नेमका तिथेच, दाबून, चुण्या दिसणार नाहीत असा. तिकिटं जमवणाऱ्या एका गृहस्थाने लेखी तक्रार केली, तेव्हा पोस्टमास्तरांनी बोलावून जाब विचारला.

“साहेब,” यजमान म्हणाले, “त्या जागेचं दुरुस्तीकाम चालू आहे.”