बांधावर घेतलेली बैठक

मी पंचवीस वर्षांचा होतो आणि साहेबांना घाबरत होतो. उरणच्या बाजूला खाडीलगत बांधदुरुस्तीचं काम चाललं होतं आणि तिथे मला ओव्हरसियर म्हणून नेमलं होतं. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं होत आली होती. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भाताची शेतं आणि मधे माणसाच्या दीडपट उंचीचा मातीचा बांध. तो फुटला तर एकाच भरतीत खारं पाणी शेतात शिरतं आणि मग दोन-तीन वर्षं तिथे भात पिकत नाही.

दर सोमवारी सकाळी साहेब जीपने यायचे. झोपडीसमोर बैठक व्हायची. साहेब खुर्चीत, मी वही घेऊन बाजूला उभा, मुकादम समोर, आणि माती वाहणाऱ्या दहा-बारा बाया मागे कुडाला टेकून बसलेल्या. साहेब विचारायचे, मुकादम उत्तरं द्यायचा. शेवटी "आणखी कुणाला काही सांगायचंय?" असं म्हणत साहेब टोपी डोक्यावर ठेवायचे आणि उठायचे. कुणी काही सांगायचं नाही. मीसुद्धा नाही. त्या अर्ध्या तासात माझ्या तळहातांना एवढा घाम यायचा की वहीची पानं ओली व्हायची.

त्या श्रावणात खाडीपलीकडच्या एका गावचा बांध फुटला. कामावरच्या माणसांना तो कच्चा असल्याचं आधीपासून ठाऊक होतं, पण कुणी बोललं नव्हतं, असं मागाहून कळलं. साहेब आमच्याकडे आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मला बाजूला घेऊन त्यांनी बजावलं, की तुमच्या बाया बैठकीत तोंड उघडत नाहीत, मुकादमाचं मी पुष्कळ ऐकलं, आता त्यांच्याकडून ऐकायचंय. ते तुमच्याकडे लागलं.

पुढच्या सोमवारी मी ते काम ज्या पद्धतीने केलं, ते आठवलं की आजही मान खाली जाते. बायांमध्ये एक पन्नाशीची विधवा होती. सगळ्याजणी तिला मावशी म्हणत, मीही म्हणायचो. बांधाची माती तिच्याइतकी कुणाला कळत नव्हती. बैठक संपत आली तेव्हा मी घाईघाईने म्हणालो, "मावशी, तुम्ही सांगा साहेबांना. उभ्या राहा."

ती उभी राहिली. पदर दातांत धरला. तिची नजर मुकादमाकडे गेली आणि खाली वळली. सगळे तिच्याकडे बघत राहिले. मुकादम हसला, मग दोघीतिघी हसल्या. ती तशीच खाली बसली. मंगळवारी ती कामावर आली नाही, बुधवारीही नाही.

बुधवारी दुपारी मी तिच्या घरी गेलो. ती ओहोटीला चिंबोऱ्या पकडायला गेल्याचं सुनेने सांगितलं. बांधाच्या खाडीकडच्या अंगाला गुडघाभर चिखलात ती मला सापडली. मी आधी माफी मागितली. ती उजवा हात खेकड्याच्या एका बिळात खांद्यापर्यंत घालून चाचपत राहिली. बीळ बांधाच्याच पोटात होतं.

"कुठवर जातं हे?" मी विचारलं.

"हात पुरत न्हाय," ती म्हणाली. "बघा तुमी."

मी शर्टाची बाही वर केली, चिखलात गुडघे टेकले आणि हात आत घातला. आत गार होतं, ओलं होतं आणि पोकळ होतं. बोटांना कुठेच भिंत लागेना. तिने दिलेली काठी मी आत सरकवली तर तीही पूर्ण गेली. तशी बिळं त्या पट्ट्यात तिने मला सात दाखवली. अमावास्येचं उधाण दहा दिवसांवर आलं होतं.

आणि तो पट्टा मी तपासला होता. वरून चालत गेलो होतो, माती टणक लागली होती, आणि वहीत 'पक्का' असं लिहून खाली सही केली होती.

हे आधी का नाही सांगितलं, असं मी विचारलं. आवाज चढू नये म्हणून फार जपावं लागलं. मावशीने सांगितलं, की हा पट्टा मुकादमाच्या देखरेखीखाली बांधलेला. कामावर कुणाला घ्यायचं ते तोच ठरवतो. त्याच्यासमोर त्याचाच बांध पोकळ आहे म्हणून कसं सांगायचं? वर तो म्हणणार, बाईला चिंबोऱ्यांशिवाय काही दिसत नाही. "नि सायब इचारतात तवा टोपी घालतात," ती म्हणाली. "मना वाटतं, त्यांना आयकायचंच न्हाय."

मी तिला म्हणालो, "आधी मी बोलतो. तुम्ही फक्त काठी घालून दाखवा."

तिने मान हलवली. होकार होता की नाही, ते मला कळलं नाही.

सोमवार उजाडेपर्यंत नोकरी जाणार, घरी काय सांगणार, एवढंच डोक्यात होतं. पळून जावं असंही वाटलं, खोटं कशाला बोलू. जीप आली. आज बैठक बांधावर घेऊ या, असं मी साहेबांना सुचवलं. कपाळाला आठी घालून ते निघाले. मागून मुकादम, त्याच्या मागून बाया.

जागेवर पोचल्यावर मी म्हणालो, "साहेब, हा पट्टा मी पक्का म्हणून लिहिलाय. माझं चुकलं. हा आतून पोकळ आहे. मला कळलं नव्हतं, मावशींनी दाखवलं."

मुकादम पुढे होऊन काही म्हणणार, तोच साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. मावशी चिखलात उतरली आणि तिने काठी घातली. काठी दिसेनाशी झाली. साहेब बूट काढून खाली उतरले, त्यांनी स्वतः हात घालून बघितलं आणि वर न बघताच तिला विचारलं, "अजून कुठे?"

ती बोलली. आधी पुटपुटल्यासारखी, मग नीट. पाणी कुठे पाझरतं, कुठली माती रेताड आहे, कुठे गवत धरत नाही. साहेब टोपी काखेत धरून ऐकत राहिले. थोड्या वेळाने आणखी दोघी बोलायला लागल्या. मी वहीत लिहीत होतो.

पुढचे पाच दिवस आम्ही बिळं उकरून त्यांत चिकणमाती ठासत होतो. साहेब रोज यायचे. मुकादम माझ्याशी एक शब्द बोलला नाही, पण राबला.

अमावास्येला भर दुपारी भरती आली. आभाळ काळं, वाऱ्याला जोर. पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली येऊन थांबलं आणि तिथेच हेलकावत राहिलं. आम्ही सगळे ओळीने उभे होतो. बांध पायांखाली हलतोय असं मला वाटत होतं. हलत नसेलही. मावशीने दाखवलेला पट्टा टिकला. मी श्वास सोडला, तेवढ्यात खाडीच्या तोंडाकडून आरडाओरडा ऐकू आला. तिथे बांधाला चार हात रुंदीची खांड पडली होती आणि पाणी शेतात घुसत होतं. माती, पेंढा, दगड, हाती येईल ते टाकत संध्याकाळपर्यंत आम्ही ती बुजवली. तीन कुटुंबांचं लावलेलं भात गेलं.

दुसऱ्या दिवशी एक तरुण बाई माझ्याकडे आली. तान्हं मूल घेऊन कामावर येणारी, बैठकीत सगळ्यांत मागे बसणारी. त्या जागेला भेग होती, तिला दिसली होती, असं तिने सांगितलं. बांधावरच्या बैठकीत मूल रडायला लागलं म्हणून ती लांब जाऊन उभी राहिली होती. परत आली तेव्हा बोलणं संपलं होतं. मावशी बोलली म्हणजे सगळ्याच बोलल्या, असं मीच धरून चाललो होतो.

मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. त्यानंतर रविवारी संध्याकाळी मी बायांच्या घरी जायला लागलो. सोमवारी काय सांगायचंय, ते एकेकीला विचारायचो. कुणाला उभं राहून बोलवत नसेल तर तिने सांगितलेलं तिच्यादेखत साहेबांना सांगायचो आणि "बरोबर ना?" एवढंच तिला विचारायचो. पहिले काही आठवडे त्या नुसत्या मान हलवायच्या. दिवाळीनंतर ती तान्ह्या मुलाची आईच बैठकीत मला मधे थांबवून म्हणाली, "तसं न्हाय सायब, मी सांगते."

पण ती तीन शेतं पुढे दोन वर्षं मिठाने पांढरी राहिली. कामावर जायची वाट त्यांच्याच कडेने होती.