पालथ्या डब्यावरचे साहेब

बिरादार साहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी करडईचं तेल गाळत होते. "बाबा पहाटे झोपेतच गेले," त्यांच्या मुलीनं लातूरहून सांगितलं. मी "बरं" म्हणाले आणि गाळतच राहिले... पातेलं भरून तेल फरशीवर पसरलं तेव्हा कुठे भानावर आले. त्याला आता महिना होऊन गेला.

उदगीरला माझा लाकडी घाणा आहे. तो उभा राहिला तो साहेबांमुळे. ते तेव्हा इथल्या बँकेत मॅनेजर होते आणि मी एक जुनाट घाणा भाड्यानं चालवत होते. कर्जाच्या पाहणीला आलेला माणूस कागद बघतो, फोटो काढतो आणि जातो. साहेबांनी तेलाचा रिकामा डबा पालथा घातला आणि त्यावर बसले. "ताई, तुम्ही तुमचं काम करा की. मी हितं बसून राहतो." दुपारपर्यंत बसले. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप यायची, तिच्यात करडईचा भुसा तरंगायचा, घाणा एका लयीत करकरायचा, आणि साहेबांचे डोळे अर्धे मिटलेले. हा माणूस कर्ज देणार की घोरणार, असं मला वाटून गेलं. आठवड्याच्या आत कर्ज मंजूर झालं. पुढे दर गुरुवारी ते येऊन बसायचे, कामाशिवाय, तासभर.

एका दिवाळीत तेल पुरेना, म्हणून मी दुसऱ्या घाण्यासाठी अर्ज केला. साहेब म्हणाले, "न्हाई ताई. गिऱ्हाईक लई वाढलंय, पण करडई कुठं हाय? घाणा खाईल काय?" माझं डोकं फिरलं. "मी बाई आहे म्हणून नडता ना?" त्यांनी अर्ज घडी करून माझ्यापुढे ठेवला. मी सोनं गहाण टाकून घाणा आणलाच. करडईच पुरेना, उन्हाळ्यात तो ताडपत्रीखाली बंद उभा होता. साहेब तोवर निवृत्त झाले होते, तरी गुरुवारी यायचे. मी चहा विचारणं बंद केलं. ते माठातलं पाणी स्वतः घ्यायचे आणि डब्यावर बसायचे.

मग एका गुरुवारी त्यांनी बिलोलीचा एक शेतकरी आणला. त्याच्याकडे जवस आणि तीळ होते, तेल गाळून देणारं कोणी नव्हतं. त्यानंतर देवणीचा एक गोपालक आणला, त्याला जनावरांसाठी पेंड हवी होती. ताडपत्री निघाली, वर्षभरात सोनंही घरी आलं. बँकेतून पैसा मिळतो, पण धंदा माणसांवर चालतो, आणि साहेब ती कुठून कुठून जोडून आणायचे. "मी सांगत होतो" असं मात्र कधी म्हणाले नाहीत. मी चहा पुन्हा सुरू केला. पण 'बाई आहे म्हणून नडता' हे वाक्य मागे घ्यायचं राहून गेलं. पुढच्या गुरुवारी म्हणू, त्याच्या पुढच्या गुरुवारी म्हणू... असं करत किती गुरुवार गेले.

परवाच्या गुरुवारी डबा रिकामाच होता. का कोण जाणे, मी पहिल्यांदाच त्यावर जाऊन बसले. साहेब घाणा बघत बसतात, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. पण तिथून घाणा दिसतच नाही, मध्ये खांब येतो. नुसती करकर ऐकू येते. समोर दिसते ती फक्त गल्ल्यामागची माझी खुर्ची, म्हणजे तिच्यावर बसलेली मी.

"साहेब, चुकलं माझं," मी मोठ्यानं म्हणाले. खुर्ची रिकामी होती.