आवाजाला पावती नसते

रक्त तपासणीच्या त्या लॅबमध्ये रिपोर्टच्या खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला सगळे मामा म्हणत. रक्त द्यायला येणारे म्हणत, रक्त काढणाऱ्या मुली म्हणत. लॅबच्या मालकीण डॉक्टरीणबाई तर त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठ्या, त्याही मामाच म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव हजेरीच्या मस्टरवर तेवढं उरलं होतं. मामांना त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी नुसतं "अहो" म्हणून हाक मारली, तर आपलं काही चुकलं की काय, असं त्यांना होई.

पण ह्या हाकेनंच एकदा त्यांचा घात केला. तीन वर्षांपूर्वी सकाळच्या गर्दीत फोन आला. "मामा, मी डॉक्टरीणबाईंचा पुतण्या बोलतोय. कॉम्प्युटर दुरुस्तीला घेतलाय, पासवर्ड तेवढा सांगा." ज्याअर्थी मामा म्हणतोय त्याअर्थी घरातलाच असणार, असा मामांचा साधा तर्क. त्यांनी पासवर्ड सांगितला. एकेक अक्षर फोडून सांगितला. वर "चहा झाला का रे?" असंही विचारलं. दुपारपर्यंत लॅबमधले सगळे कॉम्प्युटर आडवे झाले. दोन दिवस रिपोर्ट हातानं लिहावे लागले, आणि मामांचं अक्षर असं, की लोकांना वाटलं डॉक्टरांनी स्वतः लिहून दिलंय.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो मामा, तुम्हाला पार मामा बनवलं की त्यानं." लॅबभर हशा पिकला. मामाही हसले. घरी जाऊन मात्र जेवले नाहीत.

पुढच्याच महिन्यात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी सायबर सुरक्षेच्या पदवीला प्रवेश घेतला. सात ते दहा कॉलेज, साडेदहाला खिडकी.

"अहो, ह्या वयात माणसं गुडघ्यांना तेल लावतात," बायको म्हणाली.

"मी डोक्याला लावतोय."

"डोक्याला लावा, पण आत किती झिरपतंय तेही बघा."

कॉलेजात पहिल्या दिवशी मामा वर्गात शिरले तशी सगळी मुलं-मुली उभी राहिली. त्यांना वाटलं, सर आले. मामांनाही काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी "बसा, बसा" म्हटलं आणि शेवटच्या बाकावर जाऊन स्वतः बसले. दुसऱ्या दिवसापासून वर्गही मामा म्हणायला लागला. पोरांचे प्रोग्रॅम लिहून होत, ती कॅन्टीनमध्ये जाऊन येत, तोवर मामा एका बोटानं स्वल्पविराम शोधत असत. पण एकदा का एखादी गोष्ट त्यांच्या खिडकीच्या भाषेत उतरली, की मग ती हलत नसे. संदेश कुलूपबंद करायची उघडी किल्ली आणि तो उघडायची खासगी किल्ली हा प्रकार निम्म्या वर्गाला कळेना, तेव्हा मामांनी शेजारच्या मुलाला सांगितलं, "आमच्याकडे नमुने टाकायची पेटी असते बघ. बाटली टाकायला फट सगळ्यांना उघडी. आतलं काढायची किल्ली एकीच्याच कमरेला." आणि फायरवॉल म्हणजे त्यांच्या लेखी त्यांची आत्या. कोण आलास, कुठून आलास, कुणाकडे आलास, हे विचारल्याशिवाय तिनं कुणाला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

दुसऱ्या वर्षी पेपरात प्रश्न आला, सोशल इंजिनिअरिंग म्हणजे काय ते सोदाहरण लिहा. मामांनी एका ओळीत उत्तर दिलं : समोरच्याला मामा बनवणे. शिकवणाऱ्या बाई सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, बारीक चणीच्या आणि कडक. त्यांनी पाचापैकी चार गुण दिले आणि समासात लिहिलं, "उदाहरण का दिलं नाही?" उदाहरण शेवटच्या बाकावर बसलं होतं.

मग आलं शेवटचं सत्र आणि शेवटचा प्रकल्प. आपल्याच कामाच्या जागी, मालकांची लेखी परवानगी घेऊन, माहिती कुठून गळते ते शोधायचं, ती फट बुजवायची आणि मग परीक्षा द्यायची. मामांना फट शोधायला लांब जावं लागलं नाही. अहवालाच्या पहिल्याच पानावर त्यांनी लिहिलं : ह्या ठिकाणची मुख्य कमतरता म्हणजे खिडकीत बसणारा माणूस. त्याला मामा म्हटलं की तो वितळतो. मग त्यांनी स्वतःसाठी नियम केला आणि खिडकीच्या काचेवर चिकटवला. रिपोर्ट हवा तर पावती दाखवा. पावती हरवली असेल, तर नोंदवलेली जन्मतारीख सांगा. ओळख, नातं, हाक चालणार नाही.

शिकवणाऱ्या बाईंनी अहवाल वाचला आणि त्या म्हणाल्या, "छान. आता पंधरा दिवसांत माझं माणूस तुमच्याकडे येईल, नाहीतर फोन करील. कोण, कधी, ते सांगणार नाही. नियमाबाहेर रिपोर्ट गेला तर प्रकल्प नापास, वर्ष पुन्हा. थोडं काही निसटलं तर त्याचे गुण कापीन."

आणि वर्ष पुन्हा करायला मामांकडे वर्ष नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरसाठी वेगळी खोली केली होती. तिची जबाबदारी त्या मामांना देणार होत्या, पण पदवी हातात आली तर. नाहीतर बाहेरून कुणीतरी येणार होतं. "निकालापर्यंत थांबते मामा, त्याच्यापुढे नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. खिडकीत बसून जन्म काढायला मामांची ना नव्हती. पण ज्या कॉम्प्युटरांना त्यांनी आडवं पाडलं होतं, त्यांना एकदा आपल्या हातांनी सांभाळायचं, एवढी एक इच्छा त्यांनी मनात धरली होती. बायको रोज सकाळी देवासमोर हात जोडून त्यासाठीच उभी राहत होती, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

त्या पंधरा दिवसांत मामा पार बदलले. ज्यांना वर्षानुवर्षं ओळखत होते त्या आजोबांनाही पावती मागायला लागले. एकदा वरून डॉक्टरीणबाईंचा फोन आला, "मामा, त्या बाराव्या खणातल्या बाईंचं हिमोग्लोबिन किती आलंय हो?"

"पावती आहे का?"

"अहो, लॅब माझी आहे."

"आवाज तुमचाच वाटतोय. पण आवाजाला पावती नसते."

डॉक्टरीणबाई दोन जिने उतरून खाली आल्या. "मुद्दाम केलंत ना?"

"थोडंसं," मामा म्हणाले.

घरीही तेच. बायको भाजी घेऊन दारात उभी, आणि आतून हे विचारतायत, "कोण?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तुमच्या नशिबाचे भोग."

"हं, उघडतो."

एक दिवस ती देवासमोर उभी असताना त्यांनी मागून विचारलं, "काय गं, इथला पासवर्ड कधी बदललास?" ती वळलीसुद्धा नाही. "त्याला लागत नाही पासवर्ड. त्याला सगळ्यांचं सगळं उघडंच दिसतं." असला कॉम्प्युटर मामांच्या तीन वर्षांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. ते टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

असे चौदा दिवस गेले. पंधराव्या दिवशी दुपारी साडेबाराला खिडकीसमोर त्यांची भाची उभी राहिली. सख्खी भाची, मोठ्या बहिणीची मुलगी. ह्याच कॉलेजात त्यांच्यामागे दोन वर्षं. सगळ्या जगाचे मामा असलेल्या मामांना खरंखुरं मामा म्हणणारी एवढी एकच होती.

"मामा, आईचा रिपोर्ट दे ना. पावती सापडत नाहीये."

बहिणीनं परवाच रक्त दिलं होतं, हे मामांना ठाऊक होतं. रिपोर्ट त्यांच्या उजव्या हाताशी, सातव्या खणात होता. त्यांनी तो उघडून पाहिला नव्हता, कारण नियम.

"जन्मतारीख सांग."

भाचीनं सांगितली. घरात सगळे धरत तीच. आणि ती चूक होती. मामांच्या बहिणीला दोन जन्मतारखा होत्या. एक आई सांगायची ती खरी, दुसरी शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं ठोकून दिलेली. सगळ्या कागदांवर मास्तरांची तारीख चढली होती. घरच्या तारखेला लोक तिला शुभेच्छा देत, आणि मास्तरांच्या तारखेला ती सरकारी कामापुरती जन्माला येई.

"ही जुळत नाही," मामा म्हणाले.

"अरे, मला माझ्या आईची जन्मतारीख माहीत नाही होय? तू तिचा भाऊ आहेस ना? सकाळपासून घाबरून बसलीय ती. पाणीसुद्धा प्यायली नाही."

मामांच्या जिभेवर आलं होतं, अगं, शाळेतली सांग. तीन शब्द. पण ते तीन शब्द म्हणजेच पासवर्ड. ही पोर बाईंचं माणूस असेल तर तीन वर्षं पाण्यात. आणि नसेल तर बहीण तिकडे जीव मुठीत धरून बसलेली. मामांनी काचेवरच्या नियमाकडे पाहिलं. स्वतःच्या अक्षरात असल्यामुळे तो त्यांना वाचताही येईना.

"पावती आण," ते म्हणाले.

"खिडकीवर नातं चालत नाही असं लिहिलंयस. मनातही तसंच लिहिलंयस का?" एवढं बोलून भाची निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत मामांनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. एक वाजून दहा मिनिटांनी ते जिन्यात गेले आणि त्यांनी बहिणीला फोन लावला. सांगायचं असं ठरवूनच लावला. पास होणं गेलं चुलीत.

"हॅलो, बोल रे," पलीकडून बहिणीचा आवाज आला.

"ताई, अगं ती तारीख आहे ना…"

"कुठली रे? सांग ना."

मामा थांबले. आवाज ताईचाच होता. पण चव्वेचाळीस वर्षांत ताईनं त्यांना "सांग ना" असं म्हटलं नव्हतं. फोन उचलला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "जिवंत आहेस होय?" मग मागच्या वेळी फोन कधी केला होतास त्याची उलटतपासणी. मग नुसता ऐकून घ्यायचा कार्यक्रम. एवढा मध तिच्या तोंडून गळणं शक्य नव्हतं. आणि मुलींचे आवाज फोनवर आयांसारखे येतात, हे कुणाला माहीत नाही?

"चुकून लागला," मामा म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते खिडकीत येऊन बसले, प्रकल्पाची वही काढली आणि लिहिलं : "एक दहा. बहिणीला फोन. नियम मोडायचा विचार पक्का होता. 'ती' एवढं निसटलं, पुढचं राहिलं." लिहून झाल्यावर हे पान फाडावं असं त्यांना दोनदा वाटलं. संध्याकाळी त्यांनी बहिणीला परत फोन केला. तिनं उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा. बाईंच्या शेजारी खुर्चीवर भाची बसली होती, आणि तिच्या हातात बहिणीची पावती होती. मामांनी पावतीकडे पाहिलं, मग भाचीकडे, मग छताकडे.

"आईनं स्वतः परवानगी दिली," भाची घाईघाईनं म्हणाली. "म्हणाली, घाम फुटू दे त्याला जरा. आणि ती घाबरली वगैरे काही नाही. सकाळी दोन वेळा चहा घेतला तिनं."

"तुम्हाला कोण वितळवू शकेल हे मला शोधायचं होतं," बाई म्हणाल्या. "फार शोधावं लागलं नाही. सांगा, फोनवर तुम्ही का थांबलात? आवाज तर हुबेहूब होता."

"बाई, माझी बहीण माझ्याशी गोड बोलत नाही."

भाचीनं कपाळाला हात लावला. "तिथेच चुकलं माझं."

बाईंनी हसू दाबलं. "पण फोन तुम्ही सांगायलाच केला होता."

"हो. वहीत लिहिलंय." मामांनी वही पुढे सरकवली.

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. अक्षरामुळे असेल, तिसऱ्यांदाही वाचलं. "तुम्ही 'ती तारीख' म्हणालात. म्हणजे तारीख एक नाही, दोन आहेत, हे समोरच्याला कळलं. रिपोर्ट गेला नाही, पण त्याच्या दाराची कडी अर्धी निघाली." त्यांनी पेन उघडलं. "पन्नासपैकी अडतीस. बारा गुण त्या 'ती'चे."

"म्हणजे पास?"

"पास. पान फाडलं असतंत तर मात्र नापास. तुमच्या फोनची वेळ हिनं मला कालच लिहून दिली होती."

मामा बाहेर व्हरांड्यात आले. आधी घरी सांगावं की डॉक्टरीणबाईंना, ह्या विचारात असतानाच खिशातला फोन वाजला. पडद्यावर ताईचं नाव होतं.

"जिवंत आहेस होय?" पलीकडून आवाज कडाडला. "सख्ख्या बहिणीचा रिपोर्ट अडवतोस? लहानपणी तुला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर गेली आणि आता मला पावती…"

मामा भिंतीला टेकले. डोळे पुसले. मग गंभीरपणे म्हणाले, "एक मिनिट. आधी जन्मतारीख सांगा."

ताईनं त्यावर जे काही सांगितलं ती जन्मतारीख नव्हती. पण ओळख पटली.