रिकाम्या घरातला दिवा

मीरासाब पटवेगाराच्या हातून सोनारांच्या गुजरीतलं निम्मं सोनं जात असे आणि त्यातलं गुंजभरही त्याच्या घरी राहत नसे. सोनार मणी घडवत, पानं घडवत. पण ते साज होऊन बाईच्या गळ्यात पडायचं ते मीरासाबने रेशमात गाठवल्यावरच. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, दुसरा दातांत धरायचा, आणि मग मणी असे सरकत यायचे की बघणाऱ्याला वाटावं, आपल्याच पायांनी चालत येतायत.

दाजीबा पोतदाराच्या दुकानाच्या ओट्यावर त्याची बैठक होती. दाजीबा ओंजळीने मणी त्याच्यापुढच्या फडक्यावर ओतायचा. मोजायचा नाही. मोजले असते तर तो मीरासाबचा अपमान झाला असता, आणि थोडा दाजीबाचाही. गुजरीत या न मोजण्यालाच अब्रू म्हणत. मीरासाबजवळ दुसरी इस्टेट नव्हती.

राहायला तो जन्मभर भाड्याच्या खोलीत. मालकाला मुलाचं लग्न निघालं की खोली सोडायची, मालकाची गुरं वाढली तरी सोडायची. त्याची बायको शहाजादी म्हणायची, "आपली चूल तेवढी ह्या गावातल्या समद्या गल्ल्या फिरून आली." लग्नानंतर वीस वर्षांनी, संस्थानचे महाराज गादीवर बसून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हा, त्यानं शनिवार पेठेत दोन खणांचं घर विकत घेतलं. मातीच्या भिंती, वर कौलं, आत एक माळा, दारात तुळईएवढ्या जाडीचा उंबरा. विकणारी विठाबाई म्हातारी, एकटी. ती पन्हाळ्याला भाच्याकडे राहायला निघाली होती. स्टँपावर अंगठा उठवून झाल्यावर ती पुन्हा आत गेली आणि मधल्या भिंतीतल्या कोनाड्यापाशी उभी राहिली. कोनाडा तेलाने काळा झाला होता.

"बाबा, तुझा धर्म येगळा, तू तुझ्या रीतीनं ऱ्हा," ती म्हणाली. "पर तिन्हीसांजंला हितं दिवा लाव. ह्या घरानं अंधार बघितला न्हाई कदी."

"लावीन की, आक्का. आमच्यातबी दिवाबत्तीच्या येळंला घर काळं ठेवत न्हाईत."

"मग माझं घर ऱ्हायलं म्हनायचं," म्हातारी म्हणाली आणि वळूनसुद्धा न बघता गेली.

ज्याला घर नाही त्याला घर जाण्याची भीती ठाऊक नसते. मीरासाबला घर मिळालं आणि त्याच कागदावर भीतीही मिळाली. वारा सुटला की तो ओट्यावरून उठून शनिवार पेठेच्या दिशेनं आभाळ बघायचा. त्याच सुमाराला पुण्याचा एक विमेवाला गुजरीत येऊन बसू लागला. काळा कोट, पगडी, बगलेत कातडी पेटी. सोनारांना तो समजावून सांगायचा की वर्षाचा हप्ता भरा, घराला आग लागली तर कंपनी भरपाई देईल.

"म्हंजे घर जळलं की पैसं?" दाजीबानं विचारलं.

"हो."

"आनि न्हाई जळलं तर?"

"तर हप्ता कंपनीचा. पण मनाला स्वस्थता."

"मग जाळाय नगो व्हय एखादं!" दाजीबा मांडीवर थाप मारून म्हणाला. "मीरासाब, घे की मर्दा तू! नवं घर हाय. थंडीचं शेकूनबी हुईल."

सगळा ओटा हसला. मीरासाबही हसला. तो हसला होता, हे लोकांना नंतर फार नीट आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं विमा उतरवला. विमेवाला माणूस खोटा नव्हता. त्यानं अटी एकेक वाचून मराठीत सांगितल्या. एक अट सांगताना बोट वर केलं: "घर रिकामं ठेवायचं नाही. लागोपाठ महिनाभर रिकामं राहिलं तर कंपनी बांधील नाही. समजलं?"

"रिकामं ठेवाय घेतलंय व्हय, सायब?" मीरासाब म्हणाला.

त्याला समजलं होतं. पण ते गावाच्या रीतीनं समजलं होतं. गावात कुणी परगावी गेलं, कुणाच्यात कोणी उरलं नाही, की शेजारी एकच विचारतात, दिवा लागतो का घरात? लागत असेल तर ते घर आहे. नसेल तर नुसत्या भिंती. बाकी कुणी आत झोपतं की नाही, हे कुणी बघत नाही.

पुढच्या थंडीत प्लेग आला. आधी धान्याच्या वखारींत उंदीर पडले, मग गल्लीत, मग माणसं. शहर खाली करायचा हुकूम निघाला. लोक भांडीकुंडी, म्हाताऱ्या, कोंबड्या घेऊन माळावर गेले आणि तट्ट्याच्या झोपड्या घालून बसले. जोतिबाच्या डोंगराकडून येणारा वारा झोपड्यांतून आरपार जायचा. शहाजादीनं निघताना घराला कुलूप लावलं, आणि कुलपाला हात लावताच मीरासाबला विमेवाल्याचं ते वर झालेलं बोट दिसलं.

"महिन्याभरात परत न्हाई आलो तर?" तो म्हणाला.

"तर न्हाई. समद्यांचंच तसं हाय."

"समद्यांचा इमा न्हाई."

नाक्यावर पहाऱ्याला पिराजी होता. दोघं पोरपणी एका तालमीत घुमलेले. मीरासाबच्या डाव्या कानाची पाळी चेपली होती ती पिराजीच्या रगड्यानं. शहरात कुणाला सोडायचं नाही असा पिराजीला सक्त हुकूम होता. महिना संपत आला तेव्हा मीरासाब दिवस मावळायच्या आधी नाक्यावर जाऊन उभा राहिला.

"दिवा लावून येतो," तो म्हणाला.

"खुळा का काय तू? उंदराला दाखवाय दिवा लावतोस?"

"म्हातारीला शबूद दिलाय. आनि इम्याचीबी अट हाय. घर रिकामं पडाय नगो."

पिराजीनं इकडंतिकडं बघितलं. "जा. पर कुनाला दिसलास तर म्या तुला बघितला न्हाई. चार पोरी हायत मर्दा मला. आनि उंदरानं धरलं तर हिकडं मराय येऊ नगंस."

मग रोज तेच. ओसाड गल्लीतून जायचं. दारांवर चुन्याच्या फुल्या, काही घरांची कौलं ऊन आत जावं म्हणून उतरवलेली, विहिरींवरचे दोर लोकांनी काढून नेलेले. आपल्याच पावलांचा आवाज मागून दुसऱ्या कुणाचा असावा तसा यायचा. कुलूप काढायचं, कोनाड्यातल्या पणतीत तेल घालायचं, वात पेटवायची, उंबऱ्यावर घटकाभर बसायचं आणि कुलूप लावून निघायचं. त्या बसण्यात त्याला जे वाटे ते वीस वर्षांत कुठल्याही खोलीत वाटलं नव्हतं. मेलेल्या शहरात आपलं एक घर जिवंत आहे, असं त्याला वाटे. माणूस सुखी होतो तेव्हाच त्याची अक्कल झोपते.

शहाजादीला हे पटलं नव्हतं. "दिवा लावून माणूस निघून जातं व्हय कुठं? दिव्यावर डोळा लागतो कुनाचा तरी."

"तेल बेतानं घालतो. आपसूक विझतोय."

"इझतोय हे बघाय तरी कोन हाय तितं?"

यावर तो रागावला.

एका संध्याकाळी तो माळावर परतून पाण्याची घागर उचलत होता, तेव्हा पलीकडच्या झोपडीतून कुणीतरी ओरडलं, "गावात काय पेटलं वो!" सगळे चढावर धावले. खाली काळोखत चाललेल्या शहरात एकच जागा तांबडी होती. तिथं आजूबाजूला दुसरा उजेड नसल्यानं ते मीरासाबचं घर हे ओळखायला वेळ लागला नाही. लोक घागरी घेऊन नाक्यापर्यंत गेले आणि थांबले. हुकूम होता, आणि हुकमापेक्षा प्लेगाचं भय मोठं होतं. मीरासाब एकटा पुढं घुसला. पिराजीनं त्याला कमरेला मिठी घालून धरलं, तालमीत धरायचा तसा, आणि कानाशी म्हणाला, "आता जाऊ नगं. आता गेलास तर दोघंबी गेलो." विहिरीला दोर नव्हता, गल्लीत माणूस नव्हतं. मातीच्या भिंती तेवढ्या उरल्या.

कसं झालं असावं, हे मीरासाबला माळावर बसल्या बसल्याच समजलं. तेलाची वात उंदीर ओढून नेतो, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. राहत्या घरात कुणीतरी हुसकतं. माळ्यावर शहाजादीनं शेणी आणि चिपाडं रचून ठेवली होती. साऱ्या शहरातले उंदीर मेले होते आणि एक तेवढा त्याच्या घरात जगला होता.

थंडी सरली, प्लेग ओसरला, लोक परतले. कंपनीचा दुसराच माणूस पुण्याहून तपासाला आला. जळक्या भिंतींच्या मधे त्यानं खुर्ची मांडून घेतली. गल्ली जमली होती, गुजरीतले पाचसहा जण आले होते, दाजीबा होता. नाक्यावरचा पहारेकरी म्हणून पिराजीलाही त्याच्या जमादारानं तिथं आणून उभं केलं होतं.

"आग लागली तेव्हा घरात कोण राहत होतं?" त्या माणसानं विचारलं. आवाज सभ्य होता.

"समदं गाव माळावर हुतं, सायब."

"म्हणजे घर रिकामं होतं."

"रिकामं न्हाई. मी रोज दिवा लावीत हुतो."

"दिवा तुम्ही लावलात?"

"व्हय."

"आणि लावून निघून गेलात."

त्या माणसानं चष्मा काढून पुसला. "हे पहा, घर रिकामं होतं म्हणालात तर विमा लागू नाही. रिकामं नव्हतं म्हणालात, तर आत तुमच्याशिवाय कुणी नव्हतं आणि विस्तव तुम्ही नेलात. मी काय लिहू?"

गल्लीत कुणीतरी हसलं. मीरासाबनं दाजीबाकडं बघितलं. दाजीबा एका जळक्या वाशाकडं बघत होता.

"बरं, शहरात जायला तर बंदी होती," तो माणूस म्हणाला. "नाक्यावर पहारा होता. तुम्हाला आत सोडलं कुणी? ज्यानं सोडलं तो सांगेल की तुम्ही रोज जात होता, रोजचा नेम होता. मग निदान संशय तरी राहणार नाही."

पिराजी दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं मान वर केली नाही. पायाच्या अंगठ्यानं तो राख उकरत होता. जमादार त्याच्याकडं बघत होता. मीरासाबला वाटलं, हा आता बोलेल. बोल म्हणून तो मनात त्याला हाक मारत राहिला. एका तालमीतल्या मातीत वाढलेली माणसं न बोलता ऐकू येतील इतकी जवळ असतात. पिराजीला ऐकू आलं असणारच. त्याचा अंगठा तेवढा थांबला.

मग मीरासाबला त्याच्या चार पोरी दिसल्या, एकीच्या पाठीला एक.

"कुनी न्हाई सोडलं," तो म्हणाला. "मी चोरून गेलतो."

तो शब्द पडला आणि सगळं मिटलं. कंपनीच्या माणसानं लिहिलं, पेटी बंद केली आणि चहा न घेता निघून गेला. जमादार पिराजीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "चल." पिराजी गेला.

विम्याचं गेलं ते गेलं. ते दुःख वर्षभरात शिळं झालं असतं. पण गुजरी लहान जागा. तिथं माणूस स्वतःच्या तोंडानं चोरून गेलो म्हणतो ते ऐकून न ऐकल्यासारखं करता येत नाही. पहिल्यांदा थट्टाच झाली. "मीरासाब, शेकून झालं का?" मग थट्टा बंद झाली, आणि ती बंद झाली तेव्हा मीरासाबला खरी भीती वाटली. एके सकाळी दाजीबानं मणी ओतले, आणि हात मागं न घेता बोटानं एकेक बाजूला सारू लागला.

"आण्णा, काय करताय?" मीरासाब म्हणाला.

"काय न्हाई रं. आपलं असावं म्हाईत. तुझ्यासाठीच हाय. उद्या कुनी काय म्हनाय नगो."

मीरासाबनं मणी गाठवले. त्या दिवशी रेशीम दोनदा तुटलं.

हळूहळू ओट्यावरची बैठक सुटली. तो पुन्हा भाड्याच्या खोलीत राहू लागला आणि दारातच बसून काम करू लागला. आता येई ते पोकळ मण्यांचं, आत लाख भरलेलं, गरिबांचं सोनं. शहाजादी तिन्हीसांजेला दिवा लावायची आणि तो विझेपर्यंत त्याच्यापुढून उठायची नाही. पन्हाळ्याची विठाबाई त्याच साली मेली. घराचं तिला कुणी सांगितलं होतं की नाही, हे कळायला मार्ग नव्हता, आणि मीरासाबनं तो शोधलाही नाही.

तीनेक वर्षांनी बायडाबाई आली. पिराजीची बायको. थोरल्या पोरीचं लग्न ठरलं होतं; तिनं आपल्या सासूचा जुना साज तुटक्या दोऱ्यासकट पदराच्या गाठीतून काढला. पिराजी रस्त्यापलीकडं वडाखाली उभा होता. इकडं यायला तयार नव्हता. अंगावर नवा डगला होता. तो आता शिपायाचा नाईक झाला होता.

"नवीन रेशमात गाठवून द्या," बायडाबाई म्हणाली. "आनि गोंडं चांगलं तांबडं लावा."

"परवा या, वहिनी. करून ठेवतो."

"न्हाई," ती म्हणाली आणि दारातल्या पायरीवर बूड टेकून बसली. "बसते की हितंच. सोन्याचं काम हाय. मालकांनी सांगितलंया, डोळ्यांम्होरं करून घे म्हनून."

तिच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. नवऱ्यानं सांगितलं ते तिनं सांगितलं. मीरासाबनं रस्त्यापलीकडं बघितलं. पिराजीनं झटकन तोंड फिरवलं.

मीरासाबनं अंगठ्याला दोरा अडकवला. बायडाबाई एकेका मण्यावर डोळा ठेवून होती, पापणी न हलवता, जशी चांगली बाई पेटत्या दिव्यावर ठेवते. दुपार कलली तेव्हा शेवटची गाठ बसली. त्यानं साज तिच्या ओंजळीत ठेवला. तिनं मणी मोजले. बरोबर होते.