सोसायटीच्या वाफ्यांत बसवलेली मेंढरं

सणसवाडीच्या कारखान्यांतल्या तेवीस कामगारांनी मिळून जागा घेतली, चोविसावा मी. पुण्यात एका कचेरीत नकाशे काढायची माझी नोकरी, त्यामुळे सोसायटीचा नकाशाही माझ्याकडंच आला. नियमाप्रमाणे मधे मोकळी जागा सोडावी लागते. तिथं सगळे बाकडी आणि घसरगुंडी काढतात. मी भाजीचे वाफे काढले. घरटी एक वाफा, आणि मोऱ्यांचा उतार असा धरला की अंघोळीचं पाणी पाटानं थेट वाफ्यात यावं. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मी हवेत!

घरं झाली, वाफे झाले, भाजी काही होईना. खाली नुसता मुरूम. वर काळ्या मातीचा एक हात दिला, तीही दगडासारखी आवळून बसली. मेथी बोटभर वर यायची आणि पिवळी पडायची. दोन वर्षं हेच. लोक चेष्टा करायला लागले, "काय हो, आज कागदावर कुठली भाजी?" शेवटी एका कंपनीत सुपरवायझर असलेल्या आमच्या अध्यक्षांनी बैठकीत सांगून टाकलं, की दिवाळीपर्यंत वाफे हिरवे दिसले तर ठीक, नाहीतर तिथं स्कूटरसाठी पत्र्याची शेड. माझं जेवणावरून मन उडालं. नोकरीत सगळं साहेब सांगतील तसं काढायचो. स्वतःच्या डोक्यानं काढलेली ही एवढी एकच गोष्ट होती.

उपाय मला ठाऊक होता. ठाऊक असून दोन वर्षं गप्प बसलो, हे कबूल करायला हवं. आमचं घर मूळचं मेंढपाळांचं. वडिलांनी मेंढरं विकून खुटबावला शेती धरली. धाकट्या चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, मेंढरं सोडली नाहीत. आमच्याकडं शेतात मेंढरं बसवतात. तीन-चार मुक्काम कळप एकाच तुकड्यात ठेवायचा. लेंड्या आणि मूत जमिनीत मुरलं, की पडीक रानसुद्धा उठतं. पण सोसायटीत मी 'आमची शेती होती' एवढंच सांगत आलो होतो. मेंढरांचं नाव कधी काढलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आप्पांचा कळप तळेगाव ढमढेऱ्याच्या रानात उतरला होता. मी गेलो, भीतभीतच विचारलं. "आरं, तुझ्या दारात यायला बोलावणं कशाला लागतंय?" आप्पा म्हणाले. "येतू की!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळप आला, तेव्हा निम्मे लोक सेकंड शिफ्टला होते. सकाळी मात्र जो गहजब झाला, तो विचारू नका. वास पार स्वयंपाकघरापर्यंत. कुणाच्या जास्वंदीचा खराटा झालेला. एक मेंढी तर अध्यक्षांच्या ओट्यावर चढून उभी. अध्यक्ष बनियनवरच धावत आले. आप्पा माझ्या शेजारीच होते, खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"हा काय प्रकार? कोण हा माणूस? तुमच्या ओळखीचा?"

"मेंढरंवाला आहे," मी म्हणालो. "खतासाठी बोलावलाय."

बोलावलाय! ज्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितल्या, त्यांना एकेरीत! तोंडातून गेलं ते गेलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अध्यक्षांना हात जोडून म्हणाले, "व्हय साहेब. तीनच दिस. वाफं झ्याक व्हत्याल." मग माझ्याकडं वळले आणि त्याच सुरात म्हणाले, "साहेब, मेंढरं हालली की माती खालीवर करून घ्या."

घरात बायको माझ्यावर तुटून पडली. "सख्खे चुलते ना हो तुमचे? जनाची नाही, मनाची तरी?" मनाची वाटत होती, पण बाहेर जाऊन खरं सांगायचा धीर होत नव्हता. तीन दिवस तिनंच त्यांना भाकरी नेऊन दिली. आप्पा घरात आले नाहीत. "मेंढरं सोडून कसा येऊ, सूनबाई?" असं म्हणाले, आणि तेही अगदी हळू, शेजारी कुणी ऐकत नाही ना हे बघून.

दिवाळीला मेथी दाटून आली, झाडांना वांगी पेलवेनात, मांडवावर दोडके लोंबायला लागले. शेडचा विषय पुन्हा निघाला नाही. अध्यक्ष स्वतः पिशवीभर वांगी घेऊन गेले, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनीच मला अडवून सांगितलं, "तुमच्या त्या मेंढरंवाल्याला परत बोलवा बरं का."

मी पुन्हा तळेगावच्या रानात गेलो. आप्पा पाण्यावर मेंढरं लावून बसले होते. मी निरोप सांगितला. मागच्या खेपेबद्दल बोलायचं ठरवून गेलो होतो, पण निरोपावरच थांबलो.

"येतू की," आप्पा म्हणाले. मग विचारलं, "औंदा बी साहेबच म्हणायचं, का नावानं हाक मारली तर चालंल?"

टोमणा नव्हता तो. माझी अडचण होऊ नये म्हणून खरंच विचारत होते.