हिरव्या बंदांच्या तेवीस पिशव्या

पिशवीवाल्या काकू दोन गोष्टींवर कधीच डोळे झाकून विश्वास ठेवत नसत. एक म्हणजे बाजारातलं कापड आणि दुसरी म्हणजे नवऱ्याचं "आलोच दहा मिनिटांत". कापड हाती आलं की आधी त्याचा एक धागा उपटायचा आणि त्याला काडी लावायची. जळक्या कागदाचा वास आला आणि राख चिमटीत विरली, तर कापड पास. धागा वितळून त्याचा टणक मणी झाला, तर आल्या पावली परत. दुकानांत मिळणाऱ्या रंगीबेरंगी, कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्यांना त्या 'सोंगाड्या' म्हणत. "चार महिन्यांत भुगा होतो त्यांचा, आणि तो भुगा जातो गटारात," असं त्या गिऱ्हाइकाला ठणकावून सांगत. "त्यापेक्षा तुमची जुनी चादर आणा, मी शिवून देते."

गणवेशांच्या कारखान्यात त्यांनी सत्तावीस वर्षं मशीन चालवलं होतं. कारखाना बंद पडला तेव्हा तेच मशीन त्यांनी घरी आणलं आणि पुढच्या खोलीत खिडकीपाशी मांडलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि काकूंच्या दारात माणसं यायला लागली. भाजीसाठी चादरीच्या, पावासाठी जुन्या पडद्यांच्या आणि बटाटे-पीठ असल्या जड सामानासाठी गोणपाटाच्या पिशव्या. शिलाई दुहेरी, बंद तळापर्यंत नेलेले. पिशवी उसवली तर दुरुस्ती फुकट. नवरा पाणीखात्यातून निवृत्त झाला होता. घरोघरी जाऊन मीटर वाचण्यात त्याचा जन्म गेला होता. आता तो काकूंचे धागे कापत बसे आणि बोलणी खाई.

गोणपाट यायचं गोदामातून. तिथला राखणदार रिकामी पोती बाजूला काढून ठेवायचा. त्या खेपेला त्याने एक गठ्ठा दिला, एकदम घट्ट विणीचा, जवळजवळ नवा.

"कशाची पोती आहेत?" काकूंनी विचारलं.

"धान्याचीच असणार," तो म्हणाला. "गोदामात दुसरं असतं काय?"

काकूंनी धागा जाळून पाहिला. शुद्ध ताग. शिवणींत थोडी गुलाबी धूळ होती. पोत्यावरच्या छापाचा रंग उतरला असेल, असं त्यांना वाटलं. एरवी प्रत्येक पोतं त्या गरम पाण्यात दोनदा धूत. पण गल्लीतली पाण्याची वाहिनी फुटली होती, नळ तीन दिवस कोरडा होता आणि किराणा दुकानदार पिशव्यांसाठी रोज विचारत होता. काकूंनी पोती गच्चीवर झटकली, दिवसभर उन्हात टाकली आणि शिवायला घेतली. हिरव्या पट्ट्यांची एक चादर फाडून बंद लावले. तेवीस पिशव्या झाल्या. तेवीसही दुकानदाराने नेल्या आणि चार दिवसांत दोन सोडून सगळ्या खपल्या.

सहाव्या दिवशी सकाळी त्या गठ्ठ्यातलं उरलेलं शेवटचं पोतं कापताना कात्री अडली. तळाच्या दुमडीत कागदाचा तुकडा शिवला गेला होता. काकूंनी तो ओढून काढला आणि चष्मा लावला. अर्धा मजकूर फाटला होता. उरलेल्यात एक कवटी होती, आणि खाली: 'औषध लावलेले बियाणे. खाण्यासाठी वापरू नये. रिकामे पोते पुन्हा वापरू नये.'

पहिल्यांदा त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला फिकट गुलाबी रंग होता, आणि याच हातांनी त्यांनी आठवडाभर स्वयंपाक केला होता.

"अहो," त्यांनी हाक मारली. आवाज इतका बारीक निघाला की नवरा लगेच उठून आला.

त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला. मग खिडकी लोटून घेतली.

"कुणी पाहिलाय हा?"

"मी पाहिलाय."

"तसं नाही. बाहेर कुणी?" तो खालच्या आवाजात बोलत होता. "हे बघ, झटकलीस ना पोती? वाळवलीस ना? काही होत नाही तेवढ्याने. उगीच गावभर बोंब झाली तर उद्या दारात कोण उभं राहील?"

आपल्यालाही आधी तेच सुचलं, याची काकूंना जास्त भीती वाटली. कागद चुलीत टाकला की संपलं. मग त्यांना पिशवीत पीठ ओतणारी माणसं दिसायला लागली. पिशवी झटकून उरलेलं पीठ डब्यात घेणारी, रिकाम्या पिशवीवर बाळाला खेळायला बसवणारी. त्या उठल्या, साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले आणि चपला घातल्या.

"तुम्ही मीटर वाचायचात ना," त्या म्हणाल्या, "मग घरं दाखवा."

किराणा दुकानदाराने ऐकलं आणि त्याचा चेहरा पडला. "काकू, माझ्या दुकानाचं नाव नका घेऊ," एवढंच तो म्हणाला. पण त्याने आठवून आठवून नावं सांगितली आणि उरलेल्या दोन पिशव्या काठीने उचलून दिल्या. बाकीच्या नवऱ्याने शोधल्या. कुठल्या घराची कडी आतून लागते, कुठला कुत्रा नुसताच भुंकतो, हे सगळं त्याच्या पायांना पाठ होतं. दार उघडलं की तो मागे उभा राही आणि काकू बोलत.

प्रत्येक दारापाशी त्या तेच सांगत. "हिरव्या बंदांची पिशवी माझीच आहे. त्यात खायचं काही ठेवलं असेल तर टाकून द्या. चुकलं माझं." कुणी धसकलं, कुणी भांडलं. एका आजोबांनी पिशवीत जोडे ठेवले होते, त्यांना तर हसूच आलं. एका बाईने एक शब्द न बोलता पिठाचा अख्खा डबा काकूंसमोर कचऱ्यात पालथा केला. काकूंना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं. दुपारपर्यंत सोळा पिशव्या मिळाल्या, संध्याकाळपर्यंत एकवीस.

बाविसावी पिशवी शाळेमागच्या घरात होती. दाराला कुलूप होतं. शेजारीण बाहेर आली.

"घरी कोणी नाही. पोरीला दवाखान्यात नेलंय. कालपासून उलट्या होतायत."

काकूंनी चौकट धरली. "काय खाल्लं होतं?" त्यांनी विचारलं.

"कोण जाणे. तुम्ही कोण?"

दवाखाना दोन रस्ते पलीकडे होता. काकू तिथवर कशा पोहोचल्या, ते त्यांना नंतर आठवेना. मुलगी सहा-सात वर्षांची, हाताला सुई टोचलेली, डोळे मिटलेले. आई बाकावर बसली होती. काकू तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि कागदाचा तुकडा पुढे धरला.

"ही पोती... त्यांचीच पिशवी शिवली मी. तुम्ही घेतलेली."

आईने कागद वाचला. तिचा चेहरा आधी कोरा झाला, मग कठीण. ती उठली आणि थेट डॉक्टरांकडे गेली. काकू तिथेच उभ्या राहिल्या.

डॉक्टर बाहेर आल्या. "बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "रक्त तपासायला पाठवते. लक्षणं तशी पोट बिघडल्याचीच दिसतायत, पण आता खात्री करावी लागेल. पिशवीत काय होतं?"

"बटाटे," आई म्हणाली. "सोलून उकडले होते. आणि..." ती थांबली. "आणि पोरगी ती पिशवी डोक्यावर घेऊन खेळत होती."

तपासणीचा निकाल यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत काकूंनी मशीनवरचं आच्छादन काढलं नाही. दाराशी पाऊल वाजलं की त्या उठून दार उघडत. दुसऱ्या दिवशी त्या नगरपालिकेच्या आरोग्य कचेरीत गेल्या. आपल्याला इथेच अडकवून ठेवतील, अशी मनाची तयारी करून नवऱ्याला भाजी कुठे ठेवलीय ते सांगून निघाल्या होत्या. अधिकारी तरुण होता. त्याने सगळं लिहून घेतलं.

"जाळू नका, धूर विषारी असतो. कचऱ्यातही नको, कुणीतरी उचलून नेईल," तो म्हणाला आणि टेबलाखालून जाड प्लास्टिकची एक भलीमोठी थैली काढली. "सगळ्या यात घाला, तोंड घट्ट बांधा."

कितीतरी वर्षांत काकूंनी कुणाकडून प्लास्टिकची थैली घेतली नव्हती. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

पोरीच्या रक्तात औषधाचा अंश सापडला नाही. पोट कशाने बिघडलं ते कुणालाच नक्की कळलं नाही. तिसऱ्या दिवशी ती घरी आली. पण कचेरीने तपासायला पाठवलेल्या पिशव्यांपैकी आठ पिशव्यांत ते औषध होतं. अधिकाऱ्याने हे सांगितलं तेव्हा काकूंनी फक्त "कुठल्या आठ?" असं विचारलं. त्याला ते सांगता येईना. गोदामात चौकशी झाली. राखणदाराने काकूंशी बोलणं सोडलं.

तेविसावी पिशवी सापडली नाही. दुकानदाराला एवढंच आठवत होतं की ती कुणा परक्या माणसाने घेतली होती, बसची वेळ झाली म्हणून घाईत, आणि त्यात त्याने दुधाची भुकटी आणि बिस्किटं भरली होती. काकू बसथांब्यावर सलग अकरा दिवस गेल्या. चालकांना, वाहकांना विचारलं. नवऱ्याने चिठ्ठ्या लिहून खांबांवर लावल्या. कुणी आलं नाही.

महिन्याभराने काकूंनी पुन्हा मशीन सुरू केलं, पण गोणपाट कायमचं सोडलं. आता त्या फक्त लोकांच्या घरातल्या चादरी घेतात आणि घेताना विचारतात, "यावर कोण झोपायचं? कशाने धुतलीत?" लोकांना हे प्रश्न विचित्र वाटतात. शाळेमागच्या घरातली आई एकदा आली, उशांचे जुने अभ्रे घेऊन. ती म्हणाली, "दोन शिवा. एक तिच्यासाठी, छोटी."

काकूंनी त्या शिवल्या. देताना त्यांनी त्या आतून-बाहेरून उलटून दाखवल्या, प्रत्येक शिवण बोटाने फाकवून. आईने "राहू द्या हो" म्हटलं, तरी त्या थांबल्या नाहीत.